एकावर एक फोटो काढणारे आप्पा

आप्पांना माणूस समोरून ओळखू येत नसे. बाजूने ओळखू येई. तुम्हाला थापा वाटतील, पण सुरतेच्या डिंडोलीत आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. समोरून नमस्कार घातला की आप्पा नाकावरचे चष्मे सावरत "कोण पाहिजे?" म्हणून विचारायचे. मग तो बिचारा निमूटपणे मान वळवून गाल दाखवायचा आणि आप्पा ओरडायचे, "अरे, तू होय! मग आधी नाक नाही का दाखवायचं?" दूधवाला, इस्त्रीवाला, समोरचा किराणावाला, सगळे आप्पांच्या फोटो स्टुडिओवरून जाताना मान वळवूनच जायचे. नवख्या माणसाला वाटावं, गल्लीत मान लचकायची साथ आलीय.

माझे मिस्टर बँकेत. मी आप्पांकडेच कामाला. एकदा ते मला न्यायला स्टुडिओत आले, तर आप्पांनी त्यांना पासपोर्ट फोटोचं गिऱ्हाईक समजून स्टुलावर बसवलं आणि केस विंचरायला कंगवा दिला. यांचा स्वभाव आधीच भिडस्त. हे विंचरतायत! शेवटी मी आतून आले आणि म्हटलं, "अहो आप्पा, हे आमचे." आप्पांनी यांची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे फिरवलं आणि म्हणाले, "अरे हो की. जावईबापू! तुमचं नाक मी विसरेन होय?" तेव्हापासून हे स्टुडिओत आडवे शिरायचे.

चष्मे म्हटलं ना मी, ते खरंच दोन होते. लांबचा एक, जवळचा एक, आणि दोन्ही एकाच वेळी नाकावर, एकावर एक. डॉक्टरांनी दोन्ही नंबर एका काचेत बसवून द्यायचं किती वेळा सांगितलं. आप्पांचं उत्तर ठरलेलं. "एका काचेत दोन नंबर कोंबले की दोन्ही अर्धे होतात. एकावर एक घातले की दोन्ही पुरे." सगळंच त्यांना एकावर एक लागायचं. सफारीवर स्वेटर, स्वेटरवर मफलर, तोही सुरतेच्या उकाड्यात! लोचो, म्हणजे सुरतेचं ते वाफवलेलं मऊ डाळीचं पीठ, खायचे तो वर शेव-लोणी घालून, आणि त्यावर घरून डबीत आणलेला खानदेशी ठेचा. लोचोवाल्याने एकदा विचारलं, "काका, आ सू नाख्यू?" आप्पा म्हणाले, "तुमारे सुरत पे हमारा धुळे डाला."

आता आप्पा बारडोलीला लेकीकडे असतात. स्टुडिओ त्यांनी बंद केला. फोन केला की अजूनही आधी विचारतात, "कोण पाहिजे?" फोनवर नाक दाखवायची सोय नाही, म्हणून मग मी नुसती खोकते. खोकला ओळखतात.

मी मूळची नाशिकची. लग्न होऊन सुरतेला आले, घरात बसून जीव उबगला, म्हणून फोटोंचं कॉम्प्युटरवरचं काम शिकले आणि आप्पांकडे कामाला लागले. पहिल्याच दिवशी मी एका गिऱ्हाइकाचा फोटो कापून ताजमहालापुढे चिकटवला. गिऱ्हाईक खूश. आप्पा माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "माय, हे तू ठिगळ लावलंस." खानदेशात लेकीबाळींनाही माय म्हणतात, त्यामुळे पंचविशीतच मला आप्पांसारखा साठीचा मुलगा मिळाला.

त्यांचा सगळा जीव होता एकाच फ्रेममध्ये दोन फोटो काढण्यात. एक टिपायचा, त्याच्यावरच दुसरा टिपायचा, आणि कॅमेऱ्याच्या पोटातच दोन्हीचा मिळून एक व्हायचा. डिजिटल कॅमेऱ्यात तशी सोय असते. हेच काम मी कॉम्प्युटरवर चहा निवायच्या आत करून दिलं असतं, पण ते आप्पांच्या लेखी पाप. "तू दोन फोटो आणून त्यांचं लग्न लावतेस. माझ्याकडे ते जन्मालाच जुळे येतात," म्हणायचे. मी म्हणायची, "जुळी पोरं बिघडली तर परत पोटात घालता येत नाहीत, आप्पा. माझं लग्न मोडता तरी येतं." रोज वाद. वादाशिवाय आम्हाला दोघांनाही चहा गोड लागत नसे.

त्यांची रीत मात्र शिकण्यासारखी होती. माणसाला उजळ आभाळापुढे बाजूने उभं करायचे, म्हणजे चेहरा पार काळा, नुसती कड दिसते. मग त्यावर दुसरा फोटो घ्यायचे, झाडाचा, पाण्याचा, कशाचाही. आभाळ आधीच उजेडाने भरलेलं, तिथं काही उमटत नाही. जे उमटायचं ते त्या काळ्या चेहऱ्यात उमटतं. "काळोखात जागा असते, माय. उजेडात हाऊसफुल्ल," असं ते मला दिवसातून एकदा तरी ऐकवायचे. एका लग्नघरी हेच समजावताना नवरीच्या मामांना म्हणाले, "काही काळजी करू नका, आधी पोरीचं तोंड काळं करतो." मामा बाह्या सरसावून उठले! मी मधे पडले म्हणून आप्पा त्या दिवशी धडधाकट घरी गेले.

बारडोलीच्या एका ऊसवाल्याच्या डोक्यात त्यांनी अख्खा फड उभा केला होता, कानामागून तुरे बाहेर आलेले. पलसाण्याचे एक रंगाईच्या कारखान्याचे मालक होते, त्यांच्या डोक्यात आप्पांनी त्यांच्याच कारखान्याचं धुराडं घातलं. मालक जरा खट्टू झाले, पण त्यांची बायको पदर तोंडाला लावून इतकी हसली, इतकी हसली, म्हणाली, "घरी येतात तेव्हा अगदी असेच असतात." तिनेच तो मोठा करून दिवाणखान्यात लावला.

पण एक खोड होती आणि तिने मला रडकुंडीला आणलं. कॅमेऱ्यामागे जो पडदा असतो, फोटो कसा आला ते दाखवणारा, त्यावर आप्पांनी काळी पट्टी चिकटवून टाकली होती. का? तर, "रांधताना सारखं चाखणाऱ्या बाईला पंगतीत भूक राहत नाही." आता एकावर एक फोटो काढायचे आणि बघायचे नाहीत, म्हणजे काय होणार? एका लग्नात ती दोन फोटोंची कळ चालूच राहिली. आधीचा फोटो आचाऱ्याच्या शेवभाजीच्या कढईचा, पुढचा पाठवणीला रडणाऱ्या नवरीचा. दोन्ही मिळून असा काही तर्रीदार प्रसंग उभा राहिला की विचारू नका. नवरीचा बाप बघतच राहिला. म्हणाला, "पोरगी सासरी चाललीय म्हणून रडतेय, की तिखट लागलं?"

तर एका सकाळी एक जण स्टुडिओच्या दारात आला. तिशी-पस्तिशीचा, डोळे तांबारलेले, केसांत कापसाची धूळ. पॉवरलूमवर रात्रपाळी करून सरळ आला होता. आप्पांनी सवयीने विचारलं, "कोण पाहिजे?" त्याने नाक दाखवलं, पण नवाच माणूस, नाकाचाही उपयोग नव्हता. म्हणाला, "आप्पा, आमना दोन्ही भाऊस्ना फोटो काढना शे."

"मग भावाला घेऊन ये," मी म्हटलं.

"तोच तर वांधा आहे, ताई."

हा थोरला आणि याचा धाकटा भाऊ, दोघं एकाच कारखान्यात, त्याच त्या मशीनवर. धाकटा दिवसपाळीला, हा रात्रपाळीला. सकाळी सातला हा मशीन सोडणार, तोच धाकटा ते हातात घेणार. संध्याकाळी उलटं. मशीन बंद ठेवायचं नाही, नाहीतर दुसऱ्याला देतील. त्यात लग्नसराईचा माल निघत होता, आठवड्याची सुट्टीही बंद. खोली दोघांची एकच, पण एक घरात शिरताना दुसरा नेहमी कामावर. भेट व्हायची ती मशीनपाशी, त्या खडखडाटात, चार शब्दांची.

इकडे गावाकडे, पारोळ्याच्या बाजूला, त्यांची आई. गावातला कुणी शहाणा सुरतेला आला होता. तो एकदा सकाळी यांच्या खोलीवर गेला, तिथं फक्त थोरला. एकदा संध्याकाळी गेला, तिथं फक्त धाकटा. झालं! त्याने गावी जाऊन सांगितलं, भाऊ वेगळे झाले. आईने हाय खाल्ली. धाकट्यासाठी मुलगी सांगून आली होती, चांगलं घर होतं, बघायला कधी येता म्हणून त्यांचा रोज निरोप. आणि म्हातारीने जाहीर केलं की घर फुटलेलं असताना मी दुसऱ्याची लेक आणणार नाही. दोघं एकत्र असल्याचा फोटो पाठवा, मगच मी मुलगी बघायला जाईन. मुलीकडचे पंधरवडाभर थांबणार होते, त्यातले बरेच दिवस उलटून गेले होते.

"अहो, मग कारखान्याच्या दाराशी मोबाइलवर काढून पाठवायचा!" मी म्हटलं.

"पाठवला ना. माय म्हणते, रस्त्यावर तर भांडलेली माणसंही शेजारी उभी राहतात. घरातला पाठवा. मागे तुमची चूल दिसली पाहिजे."

"पण खरंच भांडलात का रे?" आप्पांनी विचारलं.

तो हसला. इतका दमलेला माणूस, पण हसू मोठं गोड. "आप्पा, भांडायला तरी भेटावं लागतं ना!"

मी म्हटलं, दोघांचे वेगवेगळे फोटो द्या, शेजारी-शेजारी बसवून देते, आईला कळणारसुद्धा नाही. आप्पा खुर्चीवरून उठलेच. "खबरदार ठिगळ लावशील तर! आई आहे ती. कॅमेरा खोलीत मांडायचा तो हलवायचा नाही. एक कामाला निघायच्या आधी बसेल, दुसरा आल्यावर बसेल. खोली तीच, चूल तीच, फ्रेम तीच. मधे अर्धा तास गेला तर गेला. खोट्याचा कणही नाही त्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आम्ही त्यांच्या खोलीवर. खोली म्हणजे काय, एक खाट, एक गॅस, दोरीवर कपडे, झाली खोली. खाटेमागची भिंत गडद निळी, वर धुराने आणखी काळवंडलेली. मला ती बघून कसंतरी झालं, पण आप्पांची कळी खुलली. काळ्या भिंतीपुढे दोघंही लख्ख उमटणार. कॅमेरा तिकाटण्यावर चढला. धाकटा आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून तयार. मी म्हटलं, "आप्पा, खाटेवर खडूने खुणा करूया, कुणी कुठं बसायचं त्याच्या." तर नाही! "घरात माणसाला खुणा करायच्या नसतात. ज्याची जागा त्याला ठाऊक." आणि धाकट्याला म्हणाले, "तू रोज बसतोस तिथं बस." तो बसला. आप्पांनी पहिला फोटो घेतला आणि तो डबा उचलून पळाला.

मग अर्धा तास आम्ही त्या कॅमेऱ्याची राखण केली. मधेच झोपला की पहिला फोटो वाया, म्हणून आप्पा दर थोड्या वेळाने त्याच्या बटणाला बोट लावायचे आणि लहान पोराला दटावावं तसं म्हणायचे, "जागा राहा रे, काका येतायत." थोरला आला तेव्हा मी शेजारणीकडे पाणी आणायला गेले होते. तेवढ्यात आप्पांनी त्यालाही तेच सांगितलं, "तू रोज बसतोस तिथं बस," आणि फोटो घेऊन टाकला. मी हंडा घेऊन परत आले तर थोरला बसल्या जागी घोरत होता. बारा तास उभा होता माणूस, त्याला उठवायचं धाडस कोण करणार?

स्टुडिओत येऊन मी फोटो कॉम्प्युटरवर उघडला आणि कपाळावर हात मारला. खाटेवर एकच माणूस! चार कान, चार हात, दोन मांडीवर नि दोन छातीशी. चूल दिसतेय, कपडे दिसतायत, भाऊ मात्र एकच. दोघंही एकाच जागी बसले होते. बसणारच हो! खाट एक, ती भिंतीला टेकलेली बाजू एक, उशी एक. याने उठायचं, त्याने बसायचं. ज्याची जागा त्याला ठाऊक म्हणे! दोघांनाही तीच ठाऊक होती.

"आप्पा, म्हातारी दोन मुलं मागत होती आणि तुम्ही तिचा एक गायब केलात!" मी असली चिडले होते. त्यांनी दोन्ही चष्मे काढले, पुसले, परत घातले. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "पोराचं लग्न अडकलं गं माझ्यामुळे." मग मला त्यांची दया आली. सुटे दोन्ही फोटो कार्डावर होतेच. मी मुकाट्याने थोरल्याला जरा उजवीकडे सरकवला. छान जमलं. शेजारी-शेजारी दोन भाऊ, मागे चूल. आप्पा ते बघत होते, पण ठिगळ म्हणाले नाहीत.

दुपारी थोरला झोपून उठून आला. आप्पांनी दोन्ही फोटो त्याच्यापुढे ठेवले आणि झालं ते सरळ सांगून टाकलं. "चुकी माझी. तुझ्या कामाचा हा, ताईने केलेला. हा पाठव."

त्याने माझा फोटो बराच वेळ बघितला. "असे शेजारी कधी बसलो आम्ही?" स्वतःशीच म्हणाला. मग दुसरा बघितला आणि बघतच राहिला. "ताई, मायला सांगितलंय, दोघांना वेगळ्या खाटा आहेत, पंखा आहे, मोठी खोली आहे. दोन वर्षं सांगतोय. आता आणखी एक खोटं नको." आणि मी हां-हां म्हणेपर्यंत त्याने तो चार कानांचा फोटो गावी बायकोच्या मोबाइलवर पाठवून दिला.

"अहो, लग्न मोडेल भावाचं!" मी ओरडले. तेवढ्यात फोन आलाच. त्याने मोठ्या आवाजावर लावला.

"हाऊ कोन शे?" म्हातारी कडाडली. "हा कोण बसलाय? दुसऱ्याला कुठं हाकललंत?"

"माय, दोघं आहोत त्यात. एकाच जागी बसलो, म्हणून एक झालो."

"एका जागी का बसलात? दुसरी खाट कुठं आहे?"

थोरल्याने आप्पांकडे बघितलं. आप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग तो म्हणाला, "खाट एकच आहे, माय. तो उठतो, मी झोपतो."

मला वाटलं, आता म्हातारी रडणार. आप्पांनी मफलर तोंडाला लावला, मी टेबलाची कड धरून उभी. आणि मग म्हातारी एकदम म्हणाली, "मंग नवरी येई ती कोठे बठी? ती कुठं बसायची?"

फोन ठेवून दिला तिने. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

त्यानंतर काही दिवस काहीच कळलं नाही. मुलीकडच्यांची मुदतही सरत आली. आप्पांचा ठेचा तसाच डबीत परत जायला लागला, त्यावरून ओळखा. आणि मग एका सकाळी थोरल्याचा फोन, लगेच या. आम्ही गेलो तर खोलीसमोर केळीचा टेम्पो, त्यात केळीच्या घडांत उभी बांधून गावाहून आणलेली नवीकोरी सुंभाची खाट आत टाकून झालेली, आणि दाराशी कमरेवर हात ठेवून उभी म्हातारी. एवढीशी, काटकुळी. ती आधी कारखान्यावर जाऊन आली होती. पाळी बदलताना मशीनपाशी उभी राहून मुकादमाला म्हणाली होती, "हे दोन्ही माझे आहेत. आज दोघांची सुट्टी. मशीन तू चालव." मुकादम म्हणे आजवर मालकालाही घाबरला नव्हता. तिला घाबरला.

आप्पांचा चेहरा असा फुलला! दोन्ही भाऊ एकाच वेळी घरात, दिवसाच्या उजेडात, मागे चूल. असा फोटो आता कधी मिळणार? ते घाईघाईने कॅमेरा काढत दारापाशी गेले आणि तिथंच थबकले. मी त्यांच्या खांद्यावरून डोकावले. जुन्या खाटेवर थोरला, नवीवर धाकटा, दोघंही गाढ झोपलेले. नव्या खाटेची सवय नसल्याने धाकट्याचे पाय बाहेर आले होते. बोलले तरी असतील का एकमेकांशी, कोण जाणे. दोघांचं घोरणं मात्र एका तालात चाललं होतं.

आप्पांनी कॅमेरा डोळ्याला लावला. म्हातारीने तो हाताने खाली केला आणि तोंडावर बोट ठेवलं.

"अहो, तुम्हीच ना मागत होता?" आप्पा कुजबुजले. "दोघं एकत्र आहेत. बघा तरी!"

"बघतेय ना मी," ती म्हणाली. "खटका वाजेल त्याचा. झोपू द्या त्यांना." मग खाली बसली, परातीत पीठ घेतलं आणि आवाज आणखी लहान करून आम्हाला म्हणाली, "मुलगी बघून आलेय मी. पसंत आहे. धाकटा उठला की सांगेन."